भावजींचा घास

भावजींच्या तोंडातून आवाजच येईना. डोळे बाहेर आलेले, ओठ काळेनिळे, दोन्ही हात गळ्याशी. त्यांची बायको, माझी जाऊ, तांब्या घेऊन धावली. "पाणी नको गो!" मी ओरडले. भावजींना खाली वाकवलं आणि पाठीत तळहाताने दणके घातले. ते माझे धाकटे दीर, एरवी मी त्यांच्याशी अदबीने बोलते. चार दणके बसले तेव्हा भाताचा गोळा ताटात पडला आणि भावजींनी श्वास ओढला. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

पेणपासून रोह्यापर्यंत भावजींइतका घाईचा माणूस जन्मला नसेल. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधीच हार घालून मोकळे झाले. उभी हयात रोह्याच्या कंपनीत गेली. शिफ्टची बस आमच्या निडीच्या नाक्यावर हॉर्न मारायची, की भावजी ताटावरून उठून घास रस्त्यात गिळायचे. रिटायर झाले, बस बंद झाली, पण गिळणं सुटलं नाही. दारात पाववाल्याने सायकलचा भोंपू वाजवला तरी घास न चावता खाली.

त्या दुपारी तेच झालं. धरमतरच्या खाडीकडची मासळी होती, पाववाला आला, काटा घशात रुतला. आमच्याकडे काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा तसाच गिळतात. बोराएवढा पुरतो. भावजींनी घाईत लाडवाएवढा केला.

काटा नंतर रोह्याच्या डॉक्टरने चिमट्याने काढला. घाईची सगळी कहाणी ऐकून म्हणाला, "काका, भाताने काटा निघत नाही, जीव निघतो. बस कधीच गेली. आता चावून जेवा."

तेव्हापासून भावजींनी घाई सोडली, ती सगळीकडचीच. पेणला एका लग्नात मांडववाले खुर्च्या उचलायला आले, तरी भावजी जिलेबी चावत बसलेले. मी म्हटलं, "भावजी, नवरानवरीला पोर व्हायची वेळ आली."

"होऊ दे वयनी. बारशाचं जेवूनच उठतो."

हसायला येतं. पण चावता चावता ते गप्प झाले की माझा हात ताटातच थांबतो. जाऊ हळूच म्हणते, "आक्का, बघा तरी." मी बघते. जबडा हलताना दिसला की मग आम्ही दोघी पुढचा घास घेतो.

भावजी वाचले. समोर बसून जेवतायत.