बांधावरचा तज्ज्ञ

दोन देशांच्या सीमेखाली तेलाचा एकच साठा निघाला तर तो वाटायचा कसा, याचे करार लिहिणं हा माझा धंदा. आणि निफाडजवळ आमच्या घरी बाबा नि धाकटे काका एकाच बांधाच्या दोन बाजूंनी एकच पाणी उपसत होते. काकांनी बोअर घेतला की बाबांचा आटायचा. मग बाबा आणखी खोल जायचे, मग काका. बोलणं बंद. दोघांच्या द्राक्षबागा माना टाकायला लागल्या तेव्हा मला खरंच भीती वाटली. बागा जातीलच, भाऊही जातील.

मिसळीचं आमिष दाखवून मी दोघांना एका टेबलावर बसवलं. तर्रीची एकच वाटी मधे ठेवली आणि समजावलं, की शहाणे देश साठा एकच धरतात, उपसायला एकालाच बसवतात आणि कुणाचा वाटा किती हे दोघांशी नातं नसलेला तज्ज्ञ ठरवतो. तोवर बाबांनी तर्री संपवली होती.

'तज्ज्ञ' मात्र दोघांना पटला. तज्ज्ञ म्हणजे पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून शिवारात फिरायचं, नारळ उभा राहील तिथे पाणी. मी भूगर्भशास्त्र म्हणेपर्यंत दोघे शोधाला लागलेसुद्धा. पण तालुक्यातला प्रत्येक पाणाड्या आमचा पाहुणाच निघाला. एक बाबांचा साडू, दुसरा काकांचा व्याही. शेवटी थेट नामपूरहून माणूस आणला.

त्याचा नारळ बरोबर बांधावर उभा राहिला. "पानी आठेच शे," पाणी इथेच आहे, असं अहिराणीत म्हणाला आणि जेवून गेला. दुसऱ्याला जास्त मिळत नाही म्हटल्यावर दोघेही तिथे सामाईक बोअर घ्यायला लगेच तयार झाले.

बांधावर मशीन लागलं आणि दिवसभर नुसता फुफाटा निघाला. पाण्याचा टिपूस नाही. दोघे भाऊ पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक उभे होते. नामपूरकराला शिव्या घालता घालता एकमेकांकडे बघितलं आणि काकांना हसू फुटलं.

बाबांनी विचारलं, "तुझ्या बोअरला हाय का पाणी?"

"हाय थोडं."

"मग माझा बंद करतो. पाळी लावू. आधी तुझी बाग भिजव."

"नाय. तुझी लय सुकलीय. आधी तुझी."

यावरून तिथेच जोरदार भांडण जुंपलं. मी मधे पडले नाही.