वेल्डिंगनंतरचा एक तास

साइटवर सगळे तिला मावशीच म्हणत. बारा वर्षं विटा-वाळू वाहून तिच्या गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा मुकादमाने तिला आगीच्या राखणीवर नेमलं. चार दिवसांचं शिक्षण, लाल जॅकेट, गळ्यात शिट्टी. लोक म्हणाले, बाईला बसून पगार. पण मावशी बसत कुठे होती? जिन्यात कुणी पोती टाकली की ती हलेपर्यंत तिथून हलायची नाही. बिडी काढणाऱ्याकडे नुसतं बघायची; तो मुकाट्याने खिशात परत ठेवायचा.

अडचण एकच होती. वेल्डर तिचा जावई होता.

वेल्डिंग संपलं की मावशीने तासभर तिथे थांबून ठिणगी कुठे दडलीय का पाहायचं, मग सही करायची आणि मगच वेल्डरने घरी जायचं, असा नियम होता. सासूच्या सहीसाठी ताटकळणं त्याच्या अगदी जिवावर येई. तसं भांडण काही नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी दोघांचं बोलणं ‘बरं आहे ना’च्या पुढे गेलं नव्हतं, इतकंच.

एके दुपारी चौथ्या मजल्यावर पाइप जोडून झाला आणि तो घाईघाईने सामान आवरू लागला.

“आई, पोरीला ताप आहे. आज तरी करा की सही.”

मावशीने त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. तिचीही नातच ती.

“तुम्ही निघा. मुकादमाला मी सांगते. सही मात्र तास झाल्यावरच.”

तो तोंड फुगवून गेला.

पाऊण तास काही झालं नाही. तरी पाइप ज्या भोकातून खाली जात होता, त्याच्या खाली काय आहे ते बघायला ती कण्हत तिसऱ्या मजल्यावर उतरली. तिथे फरशांचे खोके रचलेले होते. तिने पालथा हात फिरवला. एक खोका कोमट लागला. फाडून पाहिलं तर आत पुठ्ठा लाल कडेने हळूहळू जळत होता. तिने शिट्टी फुंकली, बादली ओतली, वर आग विझवायचा सिलिंडरही मारला. पाचव्या मजल्यावरची अकरा माणसं मोकळ्या जिन्याने खाली आली. तिने ती दोनदा मोजली.

संध्याकाळी ती तशीच नातीला बघायला गेली. दार जावयाने उघडलं. बातमी आधीच त्याच्या कानावर आली होती. तिच्या जॅकेटला धुराचा वास येत होता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खाली बघत म्हणाला, “भोकावर ओलं गोणपाट टाकायचं राहिलं, आई. घाईत होतो.”

“ताप किती आहे?” मावशीने विचारलं.

“उतरलाय. झोपलीय आता.”

“मग झालं तर.”

दुसऱ्या दिवसापासून वेल्डिंग संपलं की तो उलटी बादली घेऊन तिच्या शेजारी बसू लागला. मग एकदा त्याने आपली आई कशी गेली ते सांगितलं; बायकोलाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. मावशी ऐकत राहिली. मधेच उठून खालचा मजला बघून आली आणि म्हणाली, “हं, पुढे?”

हल्ली मावशीच्या मुलीची एकच कुरकुर असते: रोज तासभर तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलता?