त्या नरावर गोळी मी झाडली होती

शिकारीचा परवाना मी पन्नाशी उलटल्यावर काढला. तेव्हा डार्मश्टाटला एका संस्थेत संशोधक होतो. नागपूरचे नातेवाईक फोनवर विचारायचे, बौद्ध माणसाला हे शोभतं का? मी सांगायचो, ही हौस नाही, जंगलाची निगा आहे. इथे हरणांना खाणारं कुणी उरलेलं नाही, ती वाढली की कोवळी झाडं संपवतात. हे खरंच आहे. पण मी परवाना काढला तो त्यासाठी नव्हे. इतकी वर्षं एकत्र काम करूनही संस्थेतल्या कुणी मला कधी घरी जेवायला बोलावलं नव्हतं. ओडेनवाल्डच्या जंगलात मात्र पहिल्याच हिवाळ्यात खांद्यावर हात पडला.

आमच्या भागात लाल हरणांचे कळप आहेत. नियम असा की कमजोर पिल्लं आणि खुरटे तरुण नर काढायचे, आणि चांगल्या शिंगांचे मधल्या वयाचे नर राखायचे. ते म्हातारे होईपर्यंत, शिंगं पूर्ण भरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वय शिंगांवरून कळत नाही, चालण्यावरून कळतं. म्हातारा नर डोकं खाली धरून चालतो, अंगाचं सगळं वजन पुढे आलेलं असतं, पोट सुटलेलं असतं. खरं वय कळतं ते मेल्यावर, जबड्यातल्या दाढा किती झिजल्या आहेत ते पाहून.

मला हे जमायचं. शंका आली की लोक म्हणत, "डॉक्टरांना विचारा." कुळावरून माणसं पारखणाऱ्यांचा मी जन्मभर राग केला, आणि होखझिट्झवर, म्हणजे झाडाच्या कडेच्या त्या उंच लाकडी मचाणावर बसलो की दुर्बिणीतून मी तेच करायचो. हा चांगल्या वाणाचा, हा नाही. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

माझे जावई पुण्याचे, सदाशिव पेठेतल्या ब्राह्मण घरातले. फ्रांकफुर्टला सॉफ्टवेअरमध्ये होते. मुलीने स्वतः पसंत केलेले. त्यांना शिकारीचं काही वेड नव्हतं, पण माझ्याबरोबर वेळ घालवता यावा म्हणून त्यांनी परवान्याची परीक्षा दिली. जर्मन झाडांची, पक्ष्यांची नावं ट्राममध्ये पाठ करायचे. त्यांचा तो पहिलाच हंगाम होता.

सप्टेंबर अखेरची सकाळ, हरणांच्या माजाचे दिवस. आम्ही दोघं एकाच मचाणावर होतो, दोघांकडे बंदुका. धुकं विरत होतं आणि कुरणाच्या कडेला एक नर आला. मान जाडजूड, आयाळ भरलेली. मी बंदूक उचलली.

जावई कुजबुजले, "बाबा, थांबा ना. डोकं वर धरून चालतोय तो."

"माजात असं दिसतं," मी म्हणालो आणि गोळी झाडली.

खरं उलटं होतं. डोकं वर धरणं हे तरुणपणाचंच लक्षण; माजात फसवते ती जाड मान. ती तरुण नराचीही जाड होते. हे मीच नवख्यांना शिकवत असे. खाली उतरून जबडा उघडला तेव्हा दाढांच्या कडा अजून धारदार होत्या. दोन्ही शिंगांच्या टोकांना मुकुटासारखे फाटे फुटलेले. सगळ्या भागाने वर्षानुवर्षं राखलेला नर मी आडवा केला होता.

लांबून जीपचा आवाज यायला लागला. त्या जंगलातला शिकारीचा हक्क गावातल्या एका शेतकऱ्याने भाड्याने घेतला होता. कोण येणार, कोण नाही, हे तोच ठरवायचा.

मी जावयांना म्हणालो, "तुम्ही मारलात म्हणून सांगू या."

"मी?"

"नव्या माणसाला माफ करतात. माझी इथे काहीतरी पत आहे."

"पण बाबा, मी तर थांबा म्हणालो होतो."

"म्हणालात हो. पण आता वेळ नाही."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "बरं." जावई सासऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाही, त्यातून ते वळणाचे. मला ते पक्कं ठाऊक होतं.

शेतकऱ्याने जबडा पाहिला, शिंगं पाहिली. ओकची एक डहाळी तोडून जनावराच्या तोंडात ठेवली. तो त्याचा शेवटचा घास मानतात. शिकाऱ्याच्या टोपीत खोचायला दुसरी डहाळी तोडतात, ती त्याने तोडली नाही. जावई टोपी हातात धरून उभे होते.

वसंतात गावच्या सभागृहात वर्षभरातली सगळी शिंगं मांडतात. त्या शिंगांखाली जबडा लटकवलेला, शेजारी जावयांचं नाव आणि लाल ठिपका. लाल म्हणजे चुकीची शिकार. बिअरचा ग्लास घेऊन एकजण त्यांना म्हणाला, "काय हो, कॉम्प्युटरवर चूक मागे घेता येते. इथे नाही!" सगळे हसले. मीही हसलो, आणि जरा मोठ्यानेच. जावई हातातल्या बशीतलं बटाट्याचं सॅलड संपवत राहिले. त्यांना पुन्हा जंगलात बोलावलं गेलं नाही. त्यांनी बंदूक विकून टाकली.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण मुलीने विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, वर म्हणालो, "घाई नडली गं त्यांची. धीर नाही." ते तिने धरून ठेवलं. पुढे ते कोलोनला राहायला गेले. घर घेताना, नोकरी बदलताना, गाडीला ओरखडा आला तरी ती म्हणायची, "याला धीर नाही, बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं." गेल्या दिवाळीत माझ्यासमोर म्हणाली, "त्याला कशाला विचारता? त्याची पारख जंगलात बघितली की आपण." जावई उठून भांडी घासायला गेले.

महिन्याभरात मी कोलोनला गेलो आणि जेवणाच्या टेबलावर दोघांसमोर सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल, याची मी तयारी केली होती. ती वळली नवऱ्याकडे.

"तू मला इतकी वर्षं बोलू दिलंस?"

"तुझे बाबा आहेत."

"आणि मी कोण आहे? मी तुला काय काय बोलले, आणि तू ऐकून घेत बसलास! मला नीच ठरवलंस तू!"

आतल्या खोलीचं दार आपटलं. जावई टेबलावरची शितं वेचू लागले.

"बाबा," ते म्हणाले, "मला आधी विचारायचंत तरी. तुम्ही मोकळे झालात. आता इथे मलाच राहायचंय."

त्यांनी मला स्टेशनवर सोडलं. गाडी उशिरा होती, म्हणून आम्ही बाकावर बसलो. त्यांनी विचारलं, "एक सांगाल? माझ्यावरच का ढकललंत? कुणी नसतंच बरोबर तर?"

"तर निमूट कबूल केलं असतं," मी म्हणालो. "तुम्ही होतात म्हणून सुचलं."

ते अर्धंच खरं होतं. त्यांनी मान हलवली, आणि गाडी आली.

उरलेलं अर्धं असं. साखरपुड्याला त्यांचे आईवडील आमच्या नागपूरच्या घरी आले होते. चहा आला तेव्हा "आत्ताच झाला हो" म्हणाले, पाण्यालाही हात लावला नाही. माझी बायको ट्रे धरून उभी राहिली. त्या दिवसापासून त्या घराकडून माझं काहीतरी येणं आहे असं मी मनात धरून होतो, आणि त्या सकाळी जीपचा आवाज ऐकताना, त्यांच्या मुलाला माझ्यासमोर मान खाली घालावी लागणार, याचं मला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं.

ट्रेमधला चहा त्या दिवशी एकाच माणसाने घेतला होता, आणि संपल्यावर बायकोकडे अजून मागितला होता. ते जावई होते. हे मला त्या सकाळीही आठवत होतं.