मळखाऊ नसलेली सतरंजी

माझं सगळं बालपण मळखाऊ रंगांत गेलं. दप्तर मातकट, पडदे चॉकलेटी, दिवाळीचा फ्रॉकसुद्धा गडद जांभळा. कापड घेताना आईला रंगाआधी डाग दिसायचा. तो अजून पडलेला नसायचा, पण त्याची सोय आधीच झालेली असायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपलं घर झालं की त्यात एक तरी वस्तू फिकट रंगाची आणायची आणि ती न घाबरता वापरायची. पहिलं जमलं. दुसऱ्याला वेळ लागला.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोरगाव मेघेला आमचं नवं घर झालं होतं. हे वर्ध्याला कचेरीत, मी प्राथमिक शाळेत, मुलगी दुसरीत. शेती धाकट्या दिरांच्या हाती सोपवून सासूसासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी. दोघंही प्रेमळ. पण आत्याबाईंची एक सवय मला रोज छळायची. सगळ्यांना वाढून झालं की त्या स्वयंपाकघरात पाटावर एकट्या बसायच्या आणि उरलेली गार पोळी खायच्या. बरोबर बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमचं होऊ दे. मले आत्ता भूक नाई." रोज रात्री बरोबर आमचं जेवण संपलं की त्यांना भूक लागायची!

त्यातच पुलगावच्या लष्करी छावणीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी विकायला काढलेलं जेवणाचं टेबल आमच्याकडे आलं. टेबल आलं की सगळे एका वेळी जेवतील, आत्याबाईही बसतील, असा माझा हिशेब होता. फक्त ती खोली अंधारी होती. एकच खिडकी, तीही पडवीत उघडणारी, आणि खाली काळी फरशी. टेबलाखाली काहीतरी उजळ अंथरलं तर खोली हसेल असं मला वाटलं.

वर्ध्याच्या दुकानात दुकानदारानं लाल-निळ्या पट्ट्यांच्या सतरंज्यांचा ढीग घातला. मला मात्र खालून तिसरी हवी होती. न रंगवलेल्या सुताची, वेचलेल्या कापसाच्या रंगाची, कडेला बारीक हिरवी रेघ.

"जेवाच्या खोलीत पांढरी?" तो म्हणाला. "बाई, मळखाऊ घ्या."

तो शब्द उच्चारला नसता तर कदाचित मी विचार केला असता. आता मी हट्टालाच पेटले. हे नेहमीप्रमाणे दुकानाबाहेर उभं राहून रस्ता बघत होते.

घरी सतरंजी पसरली आणि खोली खरंच उजळली. मुलगी तिच्यावर लोळली. मामाजी म्हणाले, "चांदणं पडल्यासारखं वाटून राह्यलं." आत्याबाई मात्र उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्याकडे जेवणं झाली की जागा ओल्या फडक्यानं पुसायची, त्याशिवाय त्या जागेवर पाय ठेवायचा नाही.

"जेवाच्या जागी कपडा आथरते का कोनी? खरकटं सांडलं त पुसाचं कसं?"

प्रश्न रास्त होता. म्हणून मी नियम केले. रस्सा वाटीतच घ्यायचा. वाटी ताटातच ठेवायची. तेल पडलं तर घासायचं नाही, वर ज्वारीचं पीठ टाकून ठेवायचं, ते तेल पिऊन घेतं. दर रविवारी सतरंजी उचलून भिंतीवर टाकायची, काठीनं झोडायची आणि परत अंथरताना फिरवून टाकायची, म्हणजे एकाच बाजूवर सगळ्यांचे पाय पडत नाहीत. शाळेतली बाई घरीही शाळाच भरवते, असं हे म्हणायचे. त्यांचं चुकत नव्हतं.

परिणाम असा झाला की ज्या टेबलावर मला सगळ्यांना एकत्र आणायचं होतं, त्यावरून एकेक जण उठू लागला. मामाजी ताट घेऊन पडवीत जाऊन बसले. हे वरणाचा घास बगळ्यासारखी मान पुढे काढून घ्यायचे. मुलगी पातळ भाजी नको म्हणू लागली. आणि आत्याबाईंना तर पाटावर बसायला आयतं कारण मिळालं. मी चिडायची. चिडून आणखी एक नियम करायची.

मग पौषातल्या एका संध्याकाळी नवल घडलं. मी ताटं मांडत होते. आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि थेट दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. लुगड्याचा घोळ नीट खाली सोडला, पाय जुळवले.

"वाढ," म्हणाल्या.

मी घाईनं त्यांचं ताट मांडलं. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, तिसऱ्या दिवशीही. सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या आणि सगळ्यांच्या शेवटी उठायच्या. त्या बसतात म्हणून मामाजीही पडवीतून परत आले. मी हवेत होते. शाळेत मधल्या सुट्टीत मी बाकीच्या बाईंना सांगितलं, की सासूला बदलता येतं, फक्त धीर हवा. एकीनं तर माझ्याकडे सल्लाही मागितला आणि मी तो दिला.

महिनाभर तरी हे चाललं. त्या काळात दर रविवारी सतरंजी झोडायला आत्याबाई मला हातच लावू देत नव्हत्या. "मी करून ठेवली सकाळीच," म्हणायच्या. त्या बदलल्या, याचा आणखी एक पुरावा म्हणून मी तोही मनात जमा केला.

एका रविवारी त्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मुलीची पेन्सिल टेबलाखाली घरंगळली म्हणून मी वाकले. दाराजवळच्या खुर्चीच्या पायाशी तळहाताएवढा डाग होता. पिवळा नव्हे, चक्क लाल.

"हे कोणी केलं?" मी ओरडले. मुलगी पेन्सिल सोडून अंगणात पळाली. पडवीतून मामाजी आले, डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुह्या सासूनं," ते हळूच म्हणाले. "तू शाळेत गेलती. पाटोडीचा रस्सा वाढता वाढता सांडला. तिनं साबन घेऊन घासला, त हळद लाल झाली. जितकं घासे तितका लाल. घाबरली बिचारी. तवापासून तिथंच बसते, डाग झाकून. तिले काही बोलू नको, पोरी."

मी तिथंच फरशीवर बसले. आधी राग आला, मग शाळेत दिलेला सल्ला आठवला आणि हसू आलं, आणि मग एकदम लाज वाटली. दोन पोरं वाढवलेली, कापूस वेचून हात फाटलेली ती बाई माझ्या सतरंजीला भिऊन महिनाभर पाय जुळवून बसत होती. त्या टेबलाशी आल्या होत्या त्या माझ्या धीरामुळे नाही, माझ्या धाकामुळे. मळखाऊ रंग घेणारी माझी आई निदान माणसांना तरी भीती घालत नव्हती.

उपाय मला ठाऊक होता. साबणानं लाल झालेली हळदही उन्हाला टिकत नाही. आमच्याकडचं ऊन तर काहीच टिकू देत नाही. पण डाग गेला की त्या खुर्चीवरून उठतील आणि परत पाटावर जातील, याचीही मला खात्री होती. आठ दिवस मी गप्प बसले. रोज संध्याकाळी त्या गरम पोळी खायच्या, मी वाढायची, आणि टेबलाखाली त्यांचे जुळवलेले पाय मला दिसायचे. शेवटी मला ते बघवेना.

रथसप्तमी होऊन गेली होती, ऊन चढू लागलं होतं. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुरू व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे दुपारभर मी घरी नसायची. जेवता जेवता मी मुलीला म्हटलं, "तुझ्या फ्रॉकवरची हळद घासत बसू नको गं. ओली करून चार दिवस उन्हात टाक. आपोआप उडते." मी वर पाहिलंच नाही. आत्याबाईंचा घास क्षणभर थांबला एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सतरंजी पायाला कोमट लागली. तिसऱ्या दिवशीही. मामाजी कंबरेला तेल चोळून घेत होते. रोज भर दुपारी दोघं म्हातारी मिळून ते लष्करी टेबल बाजूला सरकवत होती आणि मी यायच्या आत जागेवर आणत होती. मी म्हटलं, "मामाजी, कंबर का दुखतेय?"

"वय झालं, दुसरं का," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवून हसू दाबलं.

पाचव्या दिवशी मी हळूच वाकून पाहिलं. डाग नव्हता. कापसाच्या रंगावर काही म्हणता काही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आठवला तो पाट. संध्याकाळी मी पाच ताटं मांडली. हे बसले, मुलगी बसली, मामाजी बसले. दाराजवळची खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत राहिला. मी तव्याशी गेले, पोळी टाकली, आणि मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं.

पाट सरकल्याचा आवाज झाला नाही. खुर्ची सरकल्याचा झाला.

मी पोळी घेऊन बाहेर आले. आत्याबाई आपल्या जागेवर होत्या. पण पाय खाली नव्हते. लुगडं आवरून त्यांनी खुर्चीवर ऐसपैस मांडी घातली होती, पाटावर घालायच्या तशी. खाली सगळी सतरंजी उघडी होती, स्वच्छ.

"उभी काऊन राह्यली?" त्या म्हणाल्या. "आण इकडं. आज पयली पोळी मले वाढ."