सुमित्राबाईंच्या तेरा मात्रा

सुमित्रा देव म्हणजे भित्री भागूबाई, हे बनी पार्कातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टची भीती, पालीची भीती, गच्चीवर पापड वाळत घातले की माकडांची भीती. प्रकाशराव बँकेच्या बदलीवर सांगलीहून जयपूरला आले आणि इथलेच झाले, त्याला सत्तावीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत बाई एकट्या रिक्षाने कुठे गेल्या असतील, तर ते हाताच्या बोटांवर मोजावं. फक्त पेटी पुढ्यात आली की त्यांची मान ताठ व्हायची. मराठी मंडळाच्या गणपतीत पेटी कुणाची, तर सुमित्राताईंची. आरती म्हणणारे शंभर गळे शंभर दिशांना गेले तरी ताईंचा सूर हलायचा नाही, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अशा बाईंवर एकोणसाठाव्या वर्षी झॉइल शिकायची पाळी आली.

झॉइल ही प्रोग्रेसिव्ह रॉक ह्या पाश्चात्य संगीतप्रकाराची एक पोटशाखा. मूळची फ्रान्सची, पन्नासेक वर्षांपूर्वीची. ढोलांची न थांबणारी चाल, पोटात घुमणारं बास गिटार, वर सात-आठ जणांचा समूहस्वर, आणि तो कुठल्याच देशात न बोलल्या जाणाऱ्या, मनाने रचलेल्या भाषेत. सुमित्राबाईंचा मुलगा कैवल्य ह्या संगीतापायी वेडा झाला होता. सव्वीस वर्षांचा पोरगा, दिवसा एका कंपनीत काँप्युटरवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. अख्ख्या जयपुरात हे संगीत ऐकणारे पन्नास लोक असतील तर डोक्यावरून पाणी.

ह्या मायलेकांमध्ये दोन वर्षांपासून एक गोष्ट अडकून बसली होती. प्रकाशराव गेले ते हॉस्पिटलात. डॉक्टरांनी शेवटच्या दुपारी सांगितलं, आता जवळ बसा. दोघं दोन बाजूंना बसली. मशीनची टिकटिक संथ व्हायला लागली, तशी सुमित्राबाईंच्या छातीत अशी काही धडकी भरली की "आलेच हं" म्हणून त्या उठल्या, दोन जिने उतरल्या आणि खाली औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. सगळं आटोपल्यावर त्यांना तिथून बोलावून नेलं. वर जे काही झालं ते एकट्या कैवल्यने पाहिलं. त्याने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि बाईंना विचारायचा धीर झाला नाही. घरात 'जेवलो', 'उशीर होईल', 'गॅसवाला येऊन गेला' एवढंच बोलणं उरलं.

म्हणून एका रविवारी कैवल्य स्वयंपाकघराच्या दारात येऊन "आई, पेटी वाजवशील?" म्हणाला, तेव्हा त्याने नाहरगडावरून उडी मार म्हटलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या. बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा गंधार स्कूटरवरून पडला होता आणि त्याचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता.

"एकच पीस आहे आई. चार सूर, तेच परत परत. तेरा मात्रा."

"तेरा? बारा नाही का रे चालणार?" माणूस गेल्यावरचा तेरावा दिवस सोडला तर तेराशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

"नाही ना. तेराच."

"आणि किती वेळ वाजवायचं?"

"बावीस मिनिटं." तो फ्रिजमध्ये काहीतरी शोधत होता. पाठमोराच म्हणाला, "मधे उठायचं नाही, बस."

सुमित्राबाईंचा हात कणकेतच थांबला. तो सहज बोलला होता की मुद्दाम, हे त्याची पाठ बघून कळणार नव्हतं. एवढं मात्र त्यांना पक्कं कळलं, की ह्या खेपेला उठलो तर हा मुलगा आपल्याकडे पुन्हा काही मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली, देवाला नमस्कार केला आणि हेडफोन चढवले. सहा मिनिटं तग धरला. आधी नुसते ढोल होते, ते ठीक. मग बास आलं आणि मग तो समूहस्वर. कुणीतरी मोठा जमाव एकेक पायरी चढत आपल्याच दाराशी येतो आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी खरोखरच उठून कडी पाहिली. आयुष्यभर आरत्या, अभंग, नाट्यपदं ऐकलेला त्यांचा कान त्यात सम शोधत होता, आणि सम येतेय असं वाटेपर्यंत ती भलतीकडेच निघून जायची. त्या वेडावाकड्या लयीच्या तळाशी काहीतरी टिकटिकत होतं. ते काय आहे हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं, आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवले.

संध्याकाळी त्यांनी भीतभीत विचारलं, "हे तुम्ही बोलावता कुणाला?"

"कुणाला नाही. मतलब, त्याचा काही अर्थच नाही."

"अरे, मंत्राचा अर्थ आपल्याला कळत नसला तरी कुणाला तरी कळतो ना! ह्याचा कुणालाच कळत नाही? मग इतकं जीव तोडून गाता कशाला?"

कैवल्य हसला. पुष्कळ दिवसांनी हसला, म्हणून बाईंनी पुढे वाद घातला नाही.

मात्रा पाठ करायला त्यांनी आपल्या आजीची जपाची पद्धत घेतली. चार बोटांची बारा पेरं आणि तेरावा अंगठ्याचा शेंडा. गल्लीच्या तोंडाशी भाजी घेताना त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत राही, आणि भाजीवाला त्यांना भाविक समजून "माताजी, आप आराम से जप लो" म्हणत थांबून राही. सहा मिनिटांची नऊ झाली, नवाची चौदा. संगीत आवडायला लागलं म्हणून नव्हे. त्यांना त्याची पहिल्या दिवशी वाटली तेवढीच भीती वाटत होती, फक्त कुठल्या मिनिटाला वाटणार हे आता माहीत झालं होतं.

तालीम शहराबाहेर बगरूला, एका मित्राच्या घरच्या कापडछपाईच्या शेडमध्ये. रविवारी कारागीर नसत, लांबलचक टेबलं रिकामी असत. पेटी मांडीवर घेऊन बाई टॅक्सीतून गेल्या आणि पोरांमध्ये भुईवर मांडी घालून बसल्या. सतराव्या मिनिटापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग गाणाऱ्या आठही जणांनी आवाज चढवला, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने सुमित्राबाईंचा हात घात करून गेला. मंडळात शेवटच्या आरतीला आवाज असा चढला, टाळ्या वाढल्या, की पेटीने लय दुप्पट करायची असते. तशी त्यांनी केली. ढोल एकीकडे, पेटी एकीकडे, गाणारे मधल्या मधे लटकले आणि सगळं कोसळलं.

बास वाजवणारी वल्लरी, मंडळातल्या डॉक्टरांची मुलगी, समजुतीने म्हणाली, "काकू, तुमचा स्पीड वाढतो तिथे."

पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. कैवल्य काठ्या मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना परतीच्या रस्त्यावर सारखं वाटत होतं. सवय हे निमित्त होतं, ते त्यांना समजलं होतं. लवकर संपवायची घाई झाली होती त्यांना.

कार्यक्रम राजा पार्कात, एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाच वाजता होता. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या चाळीस भरल्या. काळ्या कपड्यांतल्या पोरांमध्ये सुमित्राबाई एकट्याच अबोली रंगाच्या साडीत. पहिला सूर थरथरतच आला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. चार सूर, तेरा मात्रा. सतरावं मिनिट आलं आणि गाणारे उभे राहिले. आवाज चढला, फळ्यांची जमीन हादरायला लागली, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, पलंग आला, पांढऱ्या चादरीखालची प्रकाशरावांची पावलं आली. समोर हॉलचा दरवाजा उघडा होता, जिना दिसत होता. "आलेच हं" हे शब्द अगदी ओठांवर आले.

त्या उठल्या नाहीत. ह्यात धैर्य वगैरे काही नव्हतं, उगीच कुणी त्यांची आरती ओवाळू नये. इतकी भीती वाटत होती की उठताच येईना. दाराकडे बघवेना म्हणून त्यांनी कैवल्यकडे पाहिलं. त्याचे हात बिनचूक चालले होते, पण चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळे आईवर खिळले होते. ही जाणार, असं त्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. सुमित्राबाईंनी त्याच्यावरची नजर काढली नाही. हात पळू पाहत होता, त्यांनी तो पळू दिला नाही. तेच चार सूर, त्याच तेरा मात्रा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अंगातून घाम वाहत होता. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग ते संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वल्लरीने येऊन मिठी मारली. बाईंना त्यातलं धड काही कळलं नाही.

पोरं सामान खाली न्यायला लागली तेव्हा कैवल्य त्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत घेऊन आला. तिथे थांबला. इकडे तिकडे पाहिलं.

"आई, त्या दिवशी ना, मी पण उठलो होतो."

त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

"मतलब, तुझ्याही आधी मी खुर्ची मागे सरकवली होती. मला खूप डर लागला होता. पण तू गेलीस. मग मी गेलो असतो तर बाबा एकटे राहिले असते." तो जिन्याकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं तुझ्यावर राग होता. तू गेलीस म्हणून नाही. तू आधी गेलीस म्हणून."

'तू का गेलीस' ह्या प्रश्नाची शंभर उत्तरं सुमित्राबाईंनी दोन वर्षांत जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही इथे लागू पडेना. भिंतीचा आधार घेत त्या वरच्या पायरीवर बसल्या आणि शेजारची जागा त्यांनी पदराने पुसली.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर काय काय झालं ते सगळं सांग. ते काही बोलले का, तेही सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. मला भीती वाटतेय रे, पण तू सांग. मी उठत नाही."

कैवल्य खाली बसला. काठ्या पायरीवर ठेवल्या, आणि सांगायला लागला.