नाचगाण्याचा मिक्सर आणि ताईचा पाळणा: इगतपुरी ते लासलगाव

लासलगावला जायचं तर एप्रिलात जा, असं मी सांगते तेव्हा लोक मला वेड्यात काढतात. ऊन मरणाचं, धूळ नाकातोंडात, आणि बघायचं काय, तर कांदा! पण आयुष्यात जे सगळ्यात सुंदर ऐकलं ते मी तिथंच ऐकलं, कांद्याच्या ढिगांशेजारी, भर एप्रिलात. त्यामुळे माझं मत काही बदलायचं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नुकताच आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे तोंड आपोआप तिखट झालेलं. आमच्या मामाची गायन पार्टी होती. भीमजयंतीचा महिना लागला की गावोगाव कार्यक्रम. मामा पेटी वाजवायचा आणि गायचा. बाळूदादा ढोलकीवर, आणि टेम्पोही तोच चालवायचा. कोरसला दोन मुलं, गायला माझी मोठी बहीण, ताई, आणि माईक-भोंग्याच्या वायरींशी झगडायला मी.

त्या थंडीत ताईच्या गळ्यातली गाठ काढली होती. सूर जागेवर राहिला, पण आवाजातला जोर गेला तो गेलाच. पेटी, ढोलकी, कोरस आणि मामाचा पहाडी आवाज, सगळे एकाच माईकपुढे. त्यात तिचं काय ऐकू येणार? ओठ तेवढे हलताना दिसायचे. मामाने एकदा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाकलं, "इगतपुरी आन् लासलगाव, दोन कार्यक्रम बघू. नाय ऐकू आलं, तर पोरीला उगा स्टेजवर बसवून हसं नाय करायचं. घरी आराम करंल."

मामा दुष्ट नव्हता हो. पण ताई भाकरी थापतानासुद्धा गायची. तिला घरी बसवणं म्हणजे काय, हे मला कळत होतं आणि राग असा आला होता की बोलायची सोय नाही.

त्याच आठवड्यात आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दुकानात मला तो दिसला. जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा, काळा, पत्र्याचा. मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलात नाचगाण्याच्या रेकॉर्डी लावायला वापरलेला मिक्सर. दोन रेकॉर्ड प्लेअरच्या जागा, दोन माईकच्या जागा, प्रत्येकाला वेगळं बटण, आणि मधोमध एक आडवी सरकपट्टी. ती इकडून तिकडे सरकवली की एक रेकॉर्ड विरत जाते आणि दुसरी उगवते. मी तिथेच उभ्या उभ्या चारदा सरकवून बघितली. इतकी मऊ! दुकानदार म्हणाला, "घेऊन जा मॅडम, दोन कार्यक्रम वाजवून बघा. पटला तर ठेवा." मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस, म्हणून मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला.

पहिला मुक्काम इगतपुरी. आता चार पदरी रस्त्याने तुम्ही तासाभरात पोचाल. आम्ही आग्रा रोडवर ट्रकांच्या मागे धूर खात निघालो. घोटीत थांबायलाच हवं. भाताच्या गिरण्यांमुळे सगळ्या गावाला भाजक्या तांदळाचा वास येतो, आणि तिथले ताजे मुरमुरे घेतले की पुढचा सगळा प्रवास तोंड चालू राहतं. आमच्या टेम्पोत मुरमुऱ्यांच्या पिशवीवरून कोरसची मुलं भांडली. मिक्सर माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला.

"तान्हं बाळ घेतलंय जणू," बाळूदादा म्हणाला.

"बाळच आहे. तू रस्त्याकडे बघ."

इगतपुरीला उतरलं की हवा अंगाला लागते ती नाशिकची नसते. एप्रिलातही संध्याकाळी शाल लागते, घ्यायला विसरू नका. कार्यक्रम रेल्वेच्या चाळीसमोर होता. यजमानांनी जयभीम करून आधी चहा, मग भजी, मग परत चहा दिला. मी वायरी जोडल्या आणि चालू केल्याबरोबर भोंग्यातून घूं असा आवाज. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मिक्सरच्या पत्र्याला तार बांधली, ती ओल्या मातीत खोल पुरली, वर मिठाचं पाणी ओतलं. घूं गप्प! अशी शांतता मी आमच्या भोंग्यातून कधी ऐकली नव्हती. एक माईक ताईला, दुसरा मामाला आणि पेटीला. ढोलकीला माईक नाही म्हणून बाळूदादा फुगून बसला. त्याची समजूत घालायला पेटीचा माईक रेकॉर्डच्या जागेत लावला आणि मोकळ्या जागेत ढोलकीसाठी आणखी एक माईक लावून बघितला, तर पेटी रांजणात बसून वाजवल्यासारखी यायला लागली. ती जागा रेकॉर्डसाठीच होती, तिथे माईकचं काम नाही. हे माझ्याकडून फुकट शिका.

ताईचं बटण पाऊण, मामाचं अर्ध्यावर ठेवून मी यजमानांकडे जास्तीची वायर मागायला गेले. तेवढ्यात मामाने डाव साधला. आमच्या धंद्यात एक पद्धत होती. बटणं अर्धवट दिसली की बोलावणारे म्हणायचे, पैसे पूर्ण घेतले आणि आवाज अर्धा सोडला. म्हणून कार्यक्रमाआधी सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवायची आणि यजमानांना दाखवायची. मामाने इमानेइतबारे प्रत्येक बटण टोकाला नेलं.

मग काय! ताईने तोंड उघडलं आणि भोंगा असा किंचाळला की चाळीतली लेकरं रडायला लागली. मी धावत येऊन एक बटण खाली घ्यावं, तोवर मामा दुसरं वर न्यायचा. त्या गोंधळात ताईचं गाणं सुरू झालं कधी आणि संपलं कधी, कुणाला कळलंच नाही. तिने माईक खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, तो मिक्सर उचलून थेट घाटात फेकावा, आणि पाठोपाठ मामाला.

"तुझं ते नाचगाण्याचं खेळणं परत दे," मामा म्हणाला. "आन् लासलगावला ताई टाळ्या देईल फक्त."

"लासलगावही मोजायचं ठरलं होतं," मी म्हटलं. "पण एका अटीवर. बटणांना तू हात लावायचा नाहीस."

"आन् लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघते."

टेम्पोत बसल्यावर ताई म्हणाली, "जाऊ दे गं. तुझी उगाच दमछाक." त्याने तर मला अजूनच पेटवलं.

दुसऱ्या दिवशी नाशिक ओलांडून निफाड, विंचूर करत लासलगाव. निफाडला रस्त्याकडेला शेवटची द्राक्षं मिळाली, मण्यांत नुसती साखर. विंचूरजवळ एका झोपडीवजा हॉटेलात शेवभाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी काढणारी होती, पण मी आणखी मागून घेतली. भाडं, जेवण, सगळं मिळून तेव्हा जे लागलं त्यात आज एक पाण्याची बाटली येईल, म्हणून आकडा सांगत नाही.

आणि मग मार्केट यार्ड. बाप रे! मी शहरातली पोर, कांदा मी किलोत बघितलेला. इथे तो डोंगरात. ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक, सगळ्यांवर नुसता लालसर सोनेरी कांदा. लिलाववाला ढिगाऱ्यावरून ढिगाऱ्यावर जात होता, आणि त्याच्या आवाजामागे माणसांचा घोळका. पलीकडे रेल्वेच्या डब्यांत पोती चढत होती. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. लिलाववाल्याकडे माईक नव्हता, भोंगा नव्हता, तरी त्याचा शब्द न् शब्द पोचत होता. कारण तो बोलला की बाकीचे गप्प बसायचे. तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही, ऊन लागत होतं.

कार्यक्रम यार्डाच्या मागच्या मैदानात, उन्हं कलल्यावर. हमाल मंडळी आणि कांदा निवडणाऱ्या बाया काम संपवून तिथूनच येणार होत्या. आम्ही दुपारीच मांडामांड केली. बाळूदादा नेहमीसारखा आवाज मोजायला निघाला, म्हणजे शब्द कळेनासे होईपर्यंत चालत जायचं आणि परत येऊन सांगायचं. घामाघूम होऊन आला.

"पूर्वीपेक्षा कमीच जातोय."

"बघ!" मामा म्हणाला.

"पर मामा, जिथवर जातोय तिथवर समदं कळतंय. पूर्वी नुसता आवाज कळायचा."

मामाचा विश्वास बसेना. तेव्हा मी दुकानदाराने दिलेला हेडफोन काढला. या मिक्सरची खरी गंमत तीच. एक बटण दाबलं की भोंग्यातून काहीही जावो, कानात तेवढा एकच माईक येतो. मी मामाच्या डोक्यावर हेडफोन चढवला, ताईच्या माईकचं बटण दाबलं आणि ताईला म्हटलं, "पाळणा म्हण."

ताईने डोळे मिटले. पाळण्याचं ध्रुवपद झालं, पहिलं कडवं झालं. मामा आधी डोक्यावरचं ते अवजड प्रकरण सावरत होता. मग त्याचे हात तसेच राहिले. ओळीच्या शेवटी ताईने एक बारीकशी हरकत घेतली, सूर वरून हलकेच खाली सोडून दिला. मामाने हात वर करून तिला थांबवलं.

"हे काय घेतलंस आत्ता?"

"कुठलं?"

"शेवटाला. ते उतरतं."

"ते होय," ताई म्हणाली. "ते मी नेहमीच घेते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, मामा."

मामाने हेडफोन काढला नाही. पेटीपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "पुन्ना म्हण." ताईने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. मग त्याने हेडफोन माझ्या हातात दिला आणि नळावर तोंड धुवायला गेला. वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसून गाणारा माणूस, आणि त्याने तिला त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं होतं.

कार्यक्रमाचं काय सांगू! मी बटणांवर बोटं ठेवून बसले होते आणि माझ्या अंगावर काटा होता. ताईचा पाळणा आला तेव्हा मी मामाचा माईक हळूहळू खाली घेतला. त्या बारीक, थकलेल्या आवाजात श्वाससुद्धा ऐकू येत होता. दिवसभर कांदा निवडून हात काळे झालेल्या बाया पुढे सरकून बसल्या. त्यातली एक म्हातारी कार्यक्रम संपल्यावर ताईचा गळा चाचपत म्हणाली, "माय, माझ्या कानाशी बसून गात होतीस जणू." यजमानांपैकी एकाने बटणं अर्ध्यावर पाहून तक्रार केलीच. मामाने त्याला परस्पर झापलं.

घरी आल्यावर मिक्सर परत द्यावा लागला. किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती, त्यात वाद नाही. दुकानदाराने विचारलं, "कसा वाटला?" मी खरं ते सांगितलं. आवाज स्वच्छ, अंगाने दणकट, टेम्पोत आदळूनही एक स्क्रू ढिला झाला नाही. बटणं अंधुक उजेडात ओळखू येत नाहीत, आणि पत्र्याला अर्थिंगची सोय करून द्या. तो म्हणाला, "मग रडताय कशाला?" मी म्हटलं, शेवभाजी तिखट होती.

बुद्धपौर्णिमेला कार्यक्रम आमच्याच वसाहतीत. पुन्हा तोच जुना अॅम्प्लिफायर, एकच माईक, सगळे त्याच्यापुढे. मला स्टेजकडे बघवेना. ताईच्या पाळण्याची वेळ आली आणि मामाने पेटी उचलली. आधी मला वाटलं, पाय अवघडला असेल. तो पेटी घेऊन मागे सरकला, सतरंजीच्या कडेपर्यंत. कोरसच्या मुलांना डोळ्यांनीच मागे घेतलं. बाळूदादाच्या ढोलकीवर हात ठेवून म्हणाला, "बोटांनी वाजव." माईकपुढे ताई एकटी उरली.

तिने पहिली ओळ म्हटली. मामाने तिकडून माझ्याकडे बघून विचारलं, "येतंय का ऐकू?"

मी मान डोलावली.

"आजून सरकू?" तो म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पेटी उचलून सतरंजीवरून खाली मातीत जाऊन बसला.