स्टेशनातलं पायलट इंजिन

गाड्या कमी आणि रिकामा वेळ फार, अशा ठिकाणी किस्से साचतातच. आमगावच्या बाजूला एका छोट्या स्टेशनावर मी असिस्टंट मास्तर होतो. तिथल्या धक्क्यावर तांदळाची पोती कमी आणि माझे किस्से जास्त पडलेले असायचे!

लाटसाहेबांच्या गाडीपुढे एक रिकामं पायलट इंजिन धाडायचे. रूळ उखडलेला असेल तर आधी तेच पडावं म्हणून. आमच्या स्टाफमध्ये ते इंजिन म्हणजे मी. कुठल्याही गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे यायची परवानगी, दिली की माझ्या छातीत धडधड सुरू. समोरूनही गाडी येत असेल तर? झोप उडाली, जेवण सुटलं. मग कुणीही नवं औषध आणलं की आधी मला. मोठे मास्तर रायपूरकडचे, अदबीने म्हणायचे, "पहले आप लीजिए!" आणि मी घ्यायचो.

*

ब्राह्मीच्या तेलाने डोकं शांत होतं असं कळलं. मी थोडक्यात कसला आटोपतोय! वाटीभर तेल डोक्यावर ओतून तिकीट खिडकीत बसलो. देवरीकडची एक बाई तिकीट उजेडात धरून म्हणाली, "बाबू, हे तिकीट होय का भजा?"

*

कलकत्त्याहून टपालाने 'ब्रेन टॉनिक' आलं. बाटलीवर 'एक चमचा' असं लिहिलेलं. मला वाटलं, वनस्पतीचंच तर आहे, अर्धी बाटली घेतली तर काय बिघडतं? धडधड थांबली खरी. पण त्या दुपारी गेलेल्या मालगाडीच्या एकेका डब्याला मी सलाम ठोकला! आमचा पॉइंट्समन सोमा वैतागला. "बाबू, काऊन सलाम ठोकून राहिले? कोळसा भरून आहे ना त्यात!"

*

यानंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमगावच्या वैद्यबुवांची झोपेची पूड चालू असतानाच मास्तरांच्या पाहुण्याने दिलेली माजूमची वडी मी चाखली. तिच्यात भांग असते हे ठाऊक होतं; पुडीबरोबर ती चालते का, हे विचारायचं काही सुचलं नाही. पॅसेंजर यायच्या वेळेला मी हिरवी झेंडी उशाला घेऊन बाकावर आडवा! सोमाने झेंडी ओढून घेतली. "बाबू, माणसं बसून आहेत गाडीत!" एवढंच बोलला. मास्तरांनी मला ड्यूटीवरून उतरवलं. "ठीक होकर आइए, नहीं तो नौकरी गई समझिए."

*

माहेरी देवरीला गेलेली माझी बायको यमुना धावत आली. तिने घरातल्या सगळ्या बाटल्या-पुड्या टोपलीत भरल्या आणि मला पुढे घालून वैद्यबुवांकडे नेलं. टोपली बघून बुवांनी कपाळाला हात लावला.

"एवढं सगळं घेता, हे मले काऊन नाही सांगितलं?"

"झाडपाल्याचंच होतं, म्हणून..."

"धोत्राही झाडपालाच होय!"

त्यांनी एकेक औषध बाजूला काढलं, गोंदियाच्या डॉक्टरांना छाती दाखवायला आणि त्यांनाही सगळं सांगायला बजावलं. मग विचारलं, "भीती कशाची वाटते?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी गाड्यांचं सगळं सांगितलं. रडलोसुद्धा. यमुना हात धरून बसली होती. फार बरं वाटलं.

निघताना बुवांनी मला एकट्यालाच थांबवलं, दार लोटलं आणि टॉनिकची उरलेली बाटली उचलली. हळूच म्हणाले, "खरं सांगा, यानं झोप लागते का हो?"

मी म्हटलं, "बुवा, आधी तुम्ही काय काय घेता ते सांगा."

बुवांनी खाटेखाली वाकून आपली टोपली बाहेर ओढली. माझ्या टोपलीपेक्षा मोठी!